डाळिंबाखालची कबर

आमच्या घराला गल्लीत कुणी आमचं घर म्हणत नसे. औरंगपुऱ्याच्या मागच्या अंगाला, समोरून रिक्षा आली तर दुसरीला मागं सरकावं लागेल अशा गल्लीत ते होतं. पत्ता सांगताना लोक सांगायचे, "ते कबरीचं घर हाय ना, त्याच्या पुढं." पोस्टमनही तसंच म्हणायचा. मी त्याच घरात जन्मले, तिथंच वाढले, आणि आता म्हातारीही तिथंच झाले.

वडील करमाडजवळच्या एका खेड्यातले. घरची शेती होती, पण खाणारी तोंडं जास्त. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले होते, अक्षर चांगलं होतं. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांत माणसं हवी होती म्हणून त्यांना कारकुनाची नोकरी लागली. त्या दिवसांत शहरातली बरीच घरं रिकामी झाली होती. कुणी हैदराबादला गेलं होतं, कुणी थेट कराचीला. सरकारनं अशी घरं ताब्यात घेतली आणि काही नोकरदारांना भाड्यानं दिली. त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं. पुढं ते लिलावात निघालं तेव्हा वडलांनी गावाकडची जमीन विकून घेतलं. म्हणजे कागदावर ते आमचं झालं. पण माय शेवटपर्यंत "त्यांचा दिवाणखाना", "त्यांचा हौद" असंच म्हणायची.

घर देखणं होतं. दगडी जोतं, सागवानी खांब, दिवाणखान्यात चुन्याच्या कमानी. रस्त्याच्या बाजूला देवडी, म्हणजे दारावरची छोटी खोली, जिथं पूर्वी पहारेकरी बसत असणार. भिंतीतल्या कोनाड्यांत त्या लोकांचे दिवे जळायचे, त्यांची काजळी दगडात मुरली होती. माय दर दिवाळीला चुना द्यायची. होळीपर्यंत प्रत्येक कोनाड्यात पुन्हा काळी जीभ वर आलेली असायची.

अंगणाच्या कोपऱ्यात डाळिंबाचं झाड होतं आणि त्याच्याखाली एक छोटा चुनेगच्ची ओटा. एखादं तान्हं मूल कुशीवर झोपावं एवढाच. ती कबर. गल्लीत सांगायचे, घर सोडून गेलेल्या लोकांचं लेकरू तिथं पुरलंय, पळताना ते तसंच सोडून गेले. आमच्यासारखेच भाडेकरू म्हणून आलेले शेजारी हे एकमेकांना सांगत, आणि त्यांना हे प्रथम कुणी सांगितलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुवारी बायका यायच्या, उदबत्ती लावायच्या. समोरच्या घरातल्या मावशी तर नेमानं. त्यांच्या मुलाला लहानपणी मोठा ताप आला होता तेव्हा त्यांनी त्या कबरीला नवस बोलला होता. मुलगा वाचला. तेव्हापासून दर वर्षी त्या तिथं नारळ ठेवायच्या.

मला त्या ओट्याची भीती वाटायची. भीतीचं कारण कबर नव्हती, माय होती.

मी तिची एकुलती एक. माझ्यासाठी नवं कापड आलं, की झगा बेतताना माय त्यातून बोटभर रुंदीची पट्टी फाडून घ्यायची आणि डाळिंबाच्या फांदीला बांधायची. निळ्या ठिपक्यांचा झगा, की फांदीला निळे ठिपके. पिवळं परकर-पोलकं, की पिवळी चिंधी. पुरणाची पोळी झाली, की पहिला घास तिकडं. मी चिंचेच्या बोटुकासाठी हट्ट केला, तरी आधी तिकडं एक ठेवून मग मला. एकदा मी विचारलं, "ते मेलेलं लेकरू माझेच झगे का घालतंय?" मायनं माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा मी विचारलं नाही. पण त्यानंतर नवा झगा घातला की पाठीवर काहीतरी थंड चिकटल्यासारखं वाटायचं. माझ्यासारखीच कुणीतरी, माझ्याच कपड्यांत, आमच्या अंगणात राहते, हे मला मनातून पक्कं ठाऊक झालं होतं.

एका दुपारी अंगात कणकण होती म्हणून शाळेतून लवकर घरी आले. भर उन्हाची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. देवडीतून आत आले तर माय डाळिंबाखाली बसलेली, पाठ माझ्याकडं. हलक्या आवाजात बोलत होती. मला वाटलं कुणी आलंय.

"ऊन लई झालं आज," ती म्हणत होती. "तुला लागत नाय ना? येईल आता धाकटी शाळंतून. आली की दंगा करील."

मी तशीच उभी राहिले. मग ती थांबली. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान थोडी कलती करून बसली, आणि हसली. तसं हसताना मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पाय न वाजवता मी मागं फिरले आणि समोरच्या मावशींकडं जाऊन पडले. संध्याकाळी मायनं मला न्यायला येऊन कपाळाला हात लावला, तो हात गारढोण होता. मी घरी जायला तयार होईना.

वडील त्या कोपऱ्याकडं कधी जात नसत. आंघोळीला हौदावर जाताना वाट वाकडी करून भिंतीकडून जायचे. डाळिंबं लगडली तरी ते तोडायचे नाहीत. आमच्या घरात ती फळं झाडावरच तडकायची आणि पाखरं खायची. एका पावसाळ्यात ओट्याचा एक कोपरा ढासळला. गवंडी बोलवा असं मी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं मी वडलांना ओट्याजवळ बसलेलं पाहिलं. त्यांनी स्वतः चुना कालवला, स्वतः लिंपला, उठून हात धुतले आणि न जेवता कचेरीला गेले.

मी मोठी झाले, मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागले. लग्न झालं, ते फार टिकलं नाही, आणि मी पुन्हा या घरात आले. वडील गेले. घरात माय आणि मी. भीतीचीही सवय होते, तशी मला झाली. माय म्हातारी होत गेली तशी दुपारी डाळिंबाखाली जास्त वेळ बसू लागली. मी खिडकीशी मुलींच्या वह्यांतली चित्रं तपासायची आणि तिचं पुटपुटणं कानावर यायचं. मला ते हळूहळू घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं.

मी निवृत्त व्हायच्या आसपास शहरात रस्ते रुंद करायचं काम निघालं. एका सकाळी महापालिकेची माणसं आली आणि घरांच्या भिंतींवर लाल रंगानं फुल्या मारून गेली. आमची फुली दिवाणखान्याच्या मधोमध आली होती. म्हणजे देवडी, पुढचं जोतं आणि निम्म्या कमानी जाणार. गल्लीतली आणखी काही जुनी घरंही त्याच रेषेत.

गल्लीतले लोक एकत्र आले. इतिहासाचे एक प्राध्यापक पुढं झाले. त्यांचं म्हणणं, ही घरं शहराचा वारसा म्हणून जाहीर करून घेऊ, म्हणजे सहजासहजी कुणी हात लावणार नाही. मला चित्रं काढता येतात म्हणून घरांची मापं आणि नकाशे काढायचं काम माझ्याकडं आलं. मी घरोघर फिरले. वर्षानुवर्षं ज्या दारांवरून गेले त्यांच्या आत पहिल्यांदा शिरले. प्रत्येक घरात आधीच्यांचं काहीतरी उरलं होतं. एकीकडं छताला पाळण्याच्या कड्या, एकीकडं खांबावर खिळ्यानं कोरलेली उर्दू अक्षरं, एकीकडं विहिरीच्या काठावर दोरीनं पडलेल्या खाचा. राहणारे लोक त्यांच्याकडं बोट दाखवून आवाज खाली करायचे. मला कळलं की गल्लीत फक्त मीच परक्यांच्या घरात वाढलेली नाही.

प्राध्यापक आमच्याकडं आले तेव्हा कमानींपेक्षा डाळिंबाखाली जास्त वेळ थांबले.

"ताई, तुमच्या घराला धोका नाही," ते म्हणाले. "कबर आहे ना. आपण वारशाची पाटी लावू तिच्यावरच लिहू, अंगणात जुन्या काळातली बालकाची कबर. मग कोणता इंजिनिअर मशीन घेऊन येतो बघू."

गल्लीत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. काही जण खूश झाले. काही जण मला गाठून म्हणाले, "कबर-बिबर लिहू नका, उद्या भानगड होईल. कुणी येऊन जागा मागंल." दुसरे म्हणाले, "हाय तर लिहायलाच पायजे, झाकता कशाला?" चहाच्या टपरीवर दोन बाजू पडल्या. ज्या कोपऱ्याकडं बघायला मी लहानपणी घाबरायचे, त्याच्यावरून मोठी माणसं तावातावानं भांडू लागली. मायला मी हे सगळं सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

प्राध्यापकांनी हैदराबादला ओळखीपाळखीतून शोध घेतला आणि त्या घरातली एक बाई सापडली. घर सुटलं तेव्हा ती लहान मुलगी होती. वडील आणि भाऊ कराचीला गेले, आई गेली नाही, ती मुलीला घेऊन हैदराबादला माहेरी राहिली. बाईंना घर बघायचं होतं. त्या एका हिवाळ्यात, दिराच्या मुलाला सोबत घेऊन आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून पांढरी ओढणी. देवडीत आल्या आणि उंबऱ्याला हात लावून उभ्याच राहिल्या.

"छोटा हो गया जी," त्या म्हणाल्या. "मेरे कू याद है, ये बहुत बड़ा था."

मी त्यांना घर दाखवायला निघाले, पण दाखवत त्याच होत्या. इथं अब्बा बसायचे. इथं अम्मा पानदान ठेवायची. या कोनाड्यातला दिवा लावायचं काम माझं. कोनाड्यातल्या काजळीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि ते पुसलं नाही. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नमस्कार केला, पण पुढं आली नाही.

आम्ही अंगणात आलो. प्राध्यापक अदबीनं बाजूला झाले. मी म्हटलं, "ही तुमच्या घरातल्या लेकराची कबर. आम्ही जपली आहे."

बाईंनी ओट्याकडं पाहिलं, फांदीवरच्या विटलेल्या चिंध्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कबर? किसकी कबर?" त्या म्हणाल्या. "यहाँ तो हमारे मुर्गियाँ बंद होते थे. जाली का खुराडा था. हमारे घर का कोई बच्चा यहाँ नहीं है."

प्राध्यापक काहीतरी विचारणार होते, पण बाईंचा चेहरा बदलला होता.

"तो पूरा मोहल्ला ये बोलता रहा? के हम अपना बच्चा ऐसा छोड़ के भाग गए?" त्यांचा आवाज चढला. "मेरी अम्मा मरते दम तक इस घर को रोई. उसके ऊपर ये बात?"

ऊन डोक्यावर आलं होतं आणि मला थंडी वाजत होती. त्यांचं कुणी नाही, तर मग तिथं कोण आहे? इतकी वर्षं माझे झगे कोण घालत होतं?

तेवढ्यात माय अंगणात आली. खांबाला, मग हौदाच्या कठड्याला धरत ती बाईंच्या समोर आली आणि म्हणाली, "बाई, बसा. मी सांगते. तुमचं लेकरू नाय ते. माझं हाय."

दोघी हौदाच्या काठावर बसल्या. मायनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. ती सगळं त्या बाईंनाच सांगत होती, आपल्या गावाकडच्या मराठीत, आणि बाई ते समजत होत्या.

आम्ही या घरात आलो त्याच पहिल्या पावसाळ्यात मायला मुलगी झाली होती. माझ्या आधी. बारशाच्या आधीच गेली. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं, बाहेर वातावरण तंग, गावाकडं जायला वाट नव्हती, नदीला पूर. वडलांनी पहाटे कोंबड्यांचा रिकामा खुराडा बाजूला केला आणि तिथली माती मऊ होती म्हणून तिथंच खड्डा केला.

"गावाकडं सांगितलं, नदीकाठाला नेलं," माय म्हणाली. "घरात पुरली म्हणलं असतं तर सासूनं एक दिस ठिवलं नसतं इथं. म्हणली असती, घरानं लेकरू खाल्लं, चला माघारी. मग तिला एकलीला टाकून कशी जाऊ मी? तर कुणी इचारलं की म्हणायची, आधीच्यांचं हाय. तुमी गेलेले. तुमाला कोण इचारणार व्हतं? लई वाईट केलं बाई म्या. पण तिच्याजवळ राहता आलं."

गल्लीतून एक भंगारवाला ओरडत गेला. बाईंनी ओढणीचा पदर तोंडावर दाबून धरला होता. मला वाटलं त्या उठून जातील.

"नाम क्या रखे थे?" त्यांनी विचारलं.

"बारसंच झालं नाय," माय म्हणाली. "थोरली म्हणते मी."

बाईंनी मान हलवली. मग उठून डाळिंबाजवळ गेल्या, हात पसरून ओठातल्या ओठात काही म्हणाल्या, आणि ते हात तोंडावरून फिरवले. परत येऊन मायला म्हणाल्या, "मैं गुस्से में थी आपा. अभी भी हूँ थोड़ी. मगर मैं होती तो मैं भी यही झूठ बोलती."

त्या गेल्यावर मी मायला विचारलं, "मला कधीच का नाही सांगितलं?"

"तू भेत व्हतीस तिला," माय म्हणाली. "बहीण हाय म्हणलं असतं तर जास्त भेली असतीस."

ते खरं होतं. मी तेव्हाही भीतच होते. फक्त आता त्या भीतीला माझ्याच चेहऱ्याची झाक आली होती. त्या दिवसानंतर बरेच दिवस मी अंगणातून जाताना वडलांसारखीच भिंतीकडून जायची.

प्राध्यापक चांगला माणूस. दुसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, "ताई, हे आपल्यातच राहू द्या. मी पाटीचा मजकूर ठरला तसाच ठेवतो. घर वाचेल." घर वाचणार होतं खरं. मी मायला विचारलं. ती म्हणाली, "त्या बाईच्या आईवर आणखी बोल नको. घर जाऊ दे गेलं तर."

महापालिकेच्या अधिकाऱ्यांसोबतची बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. एकेका घराबद्दल बोलणं झालं. आमचं घर आलं तेव्हा मी उभी राहिले. मी एवढंच म्हटलं की अंगणातली कबर जुनी नाही, आधीच्या कुटुंबाची नाही, ती माझ्या बहिणीची आहे, आणि त्या कुटुंबानं आपलं मूल टाकलं असं गल्ली आजवर समजत आली ते खोटं आहे. टपरीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजू खाली बघत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला बोलल्या ह्या, फुकट घर घालवलं."

बैठकीनंतर समोरच्या मावशी घरी आल्या. आता त्याही पार वाकल्या होत्या. त्या थेट मायपुढं जाऊन बसल्या.

"मी माझ्या पोराचा नवस बोलले व्हते गं तिथं," त्या म्हणाल्या. "पोरगं वाचलं. मग मी नवस बोलले तरी कुणाला?"

माय म्हणाली, "त्याच्या बहिणीला."

मावशींनी डोळे पुसले आणि दोघी चहा पीत बसल्या. पुढच्या वर्षीही मावशींनी नारळ ठेवला.

घराला वारशाचा दर्जा मिळाला, पण पूर्ण घराला नाही. कमानी आणि दिवाणखाना राहिला. देवडी आणि पुढचं जोतं रस्त्यात गेलं. मशीन आलं त्या सकाळी माय आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. देवडी पडली तेव्हा सगळं घर खालून हललं, कोनाड्यांतून धुळीसारखी काजळी झडली. दिवसभर धूळ आणि डिझेलचा वास. संध्याकाळी बाहेर जाऊन पाहिलं तर दिवाणखाना थेट रस्त्याला उघडा पडला होता, एखाद्या माणसाचे कपडे ओढून काढावेत तसा. गल्लीतली आणखी दोन घरं वाचली, बाकीची अर्धी-अर्धी गेली. पाटी लागली. तिच्यावर हैदराबादच्या कुटुंबाचं नाव आहे. आमचंही खाली टाकू असं प्राध्यापक म्हणाले, तर माय म्हणाली, "बांधलं त्यांनी. आपण राह्यलो." कबरीचा उल्लेख नाही.

माय त्यानंतर काही वर्षांनी गेली, झोपेतच. मी हैदराबादला फोन केला. त्या बाई पुन्हा आल्या, या वेळी एकट्या. मी म्हटलं, हॉटेलात कशाला, इथंच राहा. त्यांनी विचारलं, ज्या खोलीत त्या जन्मल्या तिथं झोपू का? ती मायचीच खोली. मी तिथं अंथरूण घालून दिलं.

सकाळी चहा घेऊन गेले तर त्या पलंगावर बसूनच होत्या, अंथरूण जसंच्या तसं.

"झोप नाही आली का?" मी विचारलं.

"नींद कहाँ की," त्या म्हणाल्या. "सारी रात अम्मा की आवाज़ आती रही. आँगन में किसी से बात करते बैठी थी."

कुणाची आई, हे मी विचारलं नाही. आम्ही खिडकीशी बसून चहा घेतला, आणि दुपारच्या गाडीनं त्या गेल्या.